सहा मराठी कुटुंबं (त्यांतलं एक खरं)

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घराणं साडेतीनशे वर्षं राहतं आहे. त्यातली शेवटची एकवीस वर्षं भाड्याने.

हे मी नेहमी दोन श्वासांत सांगतो. पहिला भाग छाती पुढे काढून, मोठ्याने. दुसरा खोकल्याची उबळ आल्यासारखं करून. आमचं स्वतःचं घर वडिलांनी एका रेशमी साड्यांच्या व्यापाऱ्याला विकलं, आणि मी, बायको अंबुजा आणि दोन अवजड कपाटं असे आम्ही चौघे त्याच गल्लीत चार दारं पुढे, एका मोठ्या घराच्या सहांपैकी एका 'पोर्शन'मध्ये येऊन पडलो. (पोर्शन म्हणजे दीड खोली, चुलीपुरतं स्वयंपाकघर आणि मधल्या चौकातल्या विहिरीवर एक षष्ठांश हक्क.)

अपूर्णांक मुद्दाम सांगितला. मी भीमराव, सरकारी शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालो. गल्ली मला 'वाध्यार' म्हणते, म्हणजे मास्तर. माझी आकडेमोड कधी चुकत नाही अशी माझी ख्याती होती. होती!

आम्ही राहायला आलो तेव्हा सहाही पोर्शनमध्ये मराठी माणसं होती. घरात मराठी, दारात तमिळ आणि भांडणात दोन्ही. मग एकेकाची मुलं शिकली, शिकली म्हणून चेन्नईला गेली, चेन्नईला गेली म्हणून अमेरिकेला गेली, आणि शेवटी आईबापांनाही उचलून घेऊन गेली. आमची मुलगी कोइमतूरला असते. तीही बोलावते. अंबुजा दरवेळी म्हणते, "तुझ्या सातव्या मजल्यावर विहीर आहे का? मग?" आणि विषय संपतो.

रिकाम्या पोर्शनमध्ये नवी माणसं आली. सेल्वम हा रिक्षावाला, बायको आणि दोन मुलींसह. कालव्याला पाणी येईना म्हणून गावाकडची भातशेती सोडून आलेला. लिस्सी ही केरळातल्या कोट्टयमची नर्स, तिच्यासोबत तिच्याच दवाखान्यातल्या आणखी दोघी, दोन पोर्शन घेऊन. आणि ओडिशाचं एक जोडपं, बिजय आणि सबिता. तो इमारतींत फरशा बसवायचा, ती शिवणकाम करायची. सहावा पोर्शन रिकामा होता आणि त्यात आमचं एक कपाट होतं.

मी या सगळ्यांकडे कसा बघायचो ते लपवत नाही. दाराशेजारच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, वर्तमानपत्र घेऊन बसायचो आणि मोठ्याने सुस्कारे सोडायचो. "बघ अंबुजा, आपली गल्ली राहिली नाही. सगळी परकी माणसं!"

"हळू बोला," अंबुजा म्हणायची. "परक्या माणसानेच काल तुमचं ब्लडप्रेशर बघितलं. दुसऱ्या परक्या माणसाने फुकट स्टेशनवर सोडलं. आणि अंगात घातलाय तो शर्ट तिसऱ्या परकीने उसवून मोठा केलाय."

यावर मी वर्तमानपत्राचं पान उलटायचो. सुशिक्षित माणसाचं हेच उत्तर असतं.

तर अशा घरात एका सकाळी मुरुगेशन आला. मुरुगेशन हा दलाल. नेसायला पांढरी वेष्टी, अंगात पांढरा शर्ट आणि हातात तीन मोबाइल. घरमालक चेन्नईला राहायचे, त्यांनी घर विकायला काढलं होतं, आणि घेणारी कंपनी इथे पर्यटकांसाठी हॉटेल करणार होती. पण नुसतं हॉटेल नव्हे.

"हेरिटेज स्टे, सार!" मुरुगेशनने हवेत हात फिरवला. "मराठा राजांच्या काळात राहिल्यासारखं वाटणार. गोऱ्या लोकांना फार आवडतं. तीन महिन्यांत सगळ्यांनी खाली करायचं."

"आणि आम्ही कुठे जायचं?" सेल्वमने विचारलं.

"बायपासच्या पलीकडे नव्या बिल्डिंगा झाल्यात की! लिफ्ट आहे."

"भाडं?"

मुरुगेशनने लगेच एका मोबाइलमध्ये बघायला सुरुवात केली. ते भाडं आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. तिथल्या एका खोलीच्या भाड्यात आमचे तीन पोर्शन आले असते. शिवाय लिस्सीला पहाटेच्या पाळीला चालत जाता आलं नसतं, आणि सेल्वमच्या मुलींची शाळा मागच्याच गल्लीत होती.

मी पुढे झालो. "हे बघा, आम्ही साडेतीनशे वर्षं..." (इथे खोकलो.) "...आम्ही राजांबरोबर आलेली माणसं आहोत!"

मुरुगेशनचा चेहरा उजळला. "अरे वा! सार, मग तुम्हाला नोकरीच देतो! पगडी बांधून दारात बसायचं, पाहुणा आला की नमस्कार करून मराठीत काहीतरी म्हणायचं. काहीही चालेल. त्यांना कुठे कळतंय!"

खरं सांगतो, क्षणभर पगडीचा रंग कोणता असेल असा विचार मनात आला. पण अंबुजा विहिरीपाशी कपडे पिळत होती. ती पिळता पिळता थांबली. हातातलं ओलं धोतर तिने असं काही झटकलं की मुरुगेशनच्या तिन्ही मोबाइलांवर एकदम पाऊस पडला.

"तुझ्या हॉटेलात पगडी बांधायला बाहुला आण बाजारातून," ती म्हणाली. "तंजावूरला मिळतात. मान हलवणारे. आम्ही मान हलवत नाही आणि इथून आम्हीही हलत नाही."

सेल्वमच्या बायकोने टाळी वाजवली. मुरुगेशन मोबाइल पुसत निघून गेला. आणि मला वाटलं, बायकोने एवढं केलं, आता पुरुषाने काहीतरी केलं पाहिजे. आमच्या सगळ्या संकटांची सुरुवात याच वाक्याने झालेली आहे.

मी अर्ज केला.

जुन्या वस्त्यांची पाहणी करणारी एक सरकारी समिती आहे, तिने शिफारस केली तर घर पाडता येत नाही, रहिवासीही हलवता येत नाहीत, असं कुठेसं वाचलं होतं. अंबुजाला दाखवायला नको म्हणून भर दुपारी, ती झोपलेली असताना, मी सुंदर इंग्रजीत दीड पान लिहिलं. राजांचा काळ, आमचे पूर्वज, आमची भाषा. शेवटी रहिवाशांची माहिती भरायची होती. 'या घरात मराठी कुटुंबं किती?' खरं उत्तर एक. पण एक हा आकडा कागदावर फार केविलवाणा दिसतो हो! एखादा माणूस पावसात एकटा उभा असावा तसा. मी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग त्याला सहाने गुणलं.

महिन्याभरात तमिळमध्ये उत्तर आलं. 'एका घरात सहा मराठी कुटुंबं ही अत्यंत दुर्मीळ बाब असून समितीच्या भाषातज्ज्ञ पंधरा दिवसांनी प्रत्यक्ष भेट देतील.' आणि पत्राची प्रत घरमालकांना. म्हणजे मुरुगेशनला.

पत्र अंबुजाने फोडलं.

"सहा?" ती म्हणाली. "गणिताचे मास्तर तुम्ही! सहा?"

"पोर्शन सहा आहेत," मी म्हणालो. "थोडी गल्लत झाली."

"सहाव्यात आपलं कपाट आहे. तेही मराठी?"

"शिसवी आहे," मी म्हणालो. "जुनं आहे."

त्या संध्याकाळी विहिरीभोवती सभा भरली. मला वाटलं, सगळे चिडतील. तेवढ्यात लिस्सी हसायला लागली, मग सेल्वम, मग सगळेच. "म्हणजे वाध्यार, पंधरा दिवसांत आम्ही मराठी व्हायचं?" सेल्वमने विचारलं. "मी शेतकऱ्याचा रिक्षावाला दहा दिवसांत झालो. त्या मानाने पाच दिवस जास्त आहेत."

आणि मी तिण्णैवर मराठीचा वर्ग सुरू केला! चौतीस वर्षांची सवय अंगात होतीच. फळा आणला, खडू आणला. सेल्वमचा सेल्वराव केला, लिस्सीची लक्ष्मीबाई, बिजयचा विजयराव, सबिताची सविताबाई. लिस्सीच्या दोन मैत्रिणींना दवाखान्यात जादा पाळ्या लावून घ्यायला सांगितलं, कारण एकाच घरात तीन लक्ष्मीबाया कोणाच्याही लक्षात आल्या असत्या.

सेल्वमला मी एकच वाक्य दिलं: 'आम्ही इथे तीनशे वर्षांपासून आहोत.' तो ते रिक्षा चालवताना म्हणायचा, सिग्नलला म्हणायचा, गिऱ्हाइकांना म्हणायचा. दोन गिऱ्हाइकं मध्येच उतरून गेली.

अडचण एकच होती. सबिता. मी शिकवायला लागलो की ती पदराने तोंड झाकून हसायची. एकदा हात वर करून म्हणाली, "अंकल, मैं..."

"नो," मी म्हणालो. "तुम सुनो. पहले सुनो." (माझं हिंदी एकूण अकरा शब्दांचं आहे. त्यातले तीन इथे खर्च झाले.)

दुसऱ्या दिवशी तिने परत हात वर केला. मी परत गप्प बसवलं. तिसऱ्या दिवशी बिजयनेच तोंड उघडलं, त्यालाही बसवलं. मग अंबुजाला म्हणालो, "ही मुलगी कच्ची आहे. उच्चार येणार नाहीत तिला. त्या दिवशी तिने फक्त पाणी द्यावं आणि मान डोलवावी."

"ती काहीतरी सांगतेय तुम्हाला," अंबुजा म्हणाली.

"विद्यार्थी नेहमीच काहीतरी सांगत असतात," मी म्हणालो. "ऐकायचं नसतं."

ठरल्या दिवशी, सकाळी अकराला, माने मॅडम आल्या. तिशीच्या, खांद्याला झोळी, डोळ्यांना जाड चष्मा, मूळच्या साताऱ्याकडच्या, असं पत्रातच लिहिलेलं. मागोमाग मुरुगेशन, घरमालकांचा प्रतिनिधी म्हणून. मी जरीचं धोतर नेसून दारात उभा होतो. साडेतीनशे वर्षांत साताऱ्याकडचं माणूस पहिल्यांदाच आमच्या उंबऱ्यात आलेलं! मी दोन पावलं पुढे झालो आणि आमच्या तंजावुरी मराठीत, एका दमात म्हणालो:

"यांव यांव, आंत यून बैसांव! वेय्यिलांत आलांत की नाही, तण्णी पिऊन मग वार्ता करूं!"

मॅडमनी नम्रपणे हात जोडले आणि इंग्रजीत म्हणाल्या, "माफ करा, मला तमिळ येत नाही."

मागे मुरुगेशन खाकरला. चांगलं लांबलचक खाकरला.

"हे मराठी!" मी ओरडलो.

"हो का?" मॅडम म्हणाल्या. त्या 'हो का'मध्ये जी दया होती, ती मी आयुष्यात नापास झालेल्या एकाही विद्यार्थ्याला दाखवली नव्हती.

मी परत म्हणालो, सावकाश. त्यांना 'आंत' कळलं. आणखी सावकाश म्हणालो. 'बैसांव' कळलं. वेय्यिल म्हणजे ऊन हे मी आभाळाकडे बोट करून आणि तण्णी म्हणजे पाणी हे ओंजळ करून दाखवलं. साडेतीनशे वर्षांनी दोन मराठी माणसं भेटली होती आणि मुक्या माणसांसारखे हातवारे चालले होते. आमची भाषा इकडे तमिळच्या शेजारी मुरली, तिकडे त्यांची पुढे निघून गेली. त्यात घाबरलो की मी तमिळ सुरात बोलतो. आणि मी घाबरलो होतो.

"बरं, बाकीची कुटुंबं?" त्यांनी विचारलं.

मी सेल्वमला खूण केली. तो पुढे आला. कपाळावर घाम, खांद्यावर माझंच उपरणं. मॅडमनी हसून विचारलं, "नमस्कार! तुम्ही किती वर्षं आहात इथे?"

सेल्वमने डोळे मिटले आणि गर्जना केली, "मी तीनशे वर्षांचा आहे!"

विहिरीवरचा कावळासुद्धा उडाला.

"तब्येत छान ठेवलीय," मॅडम म्हणाल्या.

मी घाईघाईने लिस्सीला पुढे ढकललं. ती रात्रपाळीवरून थेट आली होती. गळ्यात क्रूस, त्याच्यावर दवाखान्याचं ओळखपत्र, त्याच्यावर ठळक अक्षरात नाव. "लक्ष्मीबाई," मी ओळख करून दिली. मॅडमनी ओळखपत्र वाचलं, क्रूस बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"माहेर कुठलं, लक्ष्मीबाई?"

"कोट्टयम," लिस्सी गोड हसून म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही. इंजेक्शन देतानासुद्धा ती 'दुखेल' असंच सांगते.

"ही जुनी शाखा," मी म्हणालो. "फार खाली उतरलेली."

मुरुगेशनने मोबाइल काढून चित्रण सुरू केलं होतं. ठरल्याप्रमाणे सबिता पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी डोळ्यांनी बजावलं, मान डोलव, फक्त मान डोलव! मॅडमनी पेला घेतला, "थँक्यू" म्हणाल्या.

आणि सबिता म्हणाली, "आवो मॅडम, घटाघटा नका पिऊ. लई उन्हाचं आलायसा. आधी गुळाचा खडा घ्या तोंडात. साताऱ्याचं ऊन वेगळं, हितलं वेगळं. डोस्कं धरतंय."

मॅडमच्या हातातला पेला तसाच राहिला. "अगं बाई! तू कुठली गं?"

"जन्म गंजामचा, ओडिशातला. पण वडील गवंडी, कोल्हापुरात बांधकामावर होते. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. मराठीत वर्गात पहिली होते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, आम्ही तीनदा सांगायला गेलो. तीनदा गप्प बस म्हणालात."

"पण... पण दोन वर्षं तू आमच्या भिंतीपलीकडे राहतेस!" मी तमिळमध्ये किंचाळलो. "आम्ही घरात मराठीच बोलतो ना!"

ती खाली बघत म्हणाली, "मला वाटायचं, तेलुगू आहे."

दोघी जणी मग अशा बोलत सुटल्या की काही विचारू नका. तांबडा रस्सा, शाळेतली प्रार्थना, कुठल्याशा एसटी स्टँडवरचा वडा. मॅडम डोळे पुसत होत्या. मला त्यातलं निम्मं कळत होतं. आमच्या घरात मराठी ऐकून कोणाचे तरी डोळे भरून आले होते आणि त्यात माझा एक शब्दही नव्हता!

मुरुगेशनने अर्ध्या तमिळ, अर्ध्या इंग्रजीत संधी साधली. "मॅडम, बघितलंत ना? एक ओडिशाची, एक केरळची, एक रिक्षावाला. अर्ज खोटा आहे. ही सगळी बाहेरची माणसं. घर खाली करण्याचं पत्र मी आजच..."

मॅडमचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी झोळीतून माझा अर्ज काढला. "सर," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "तुम्ही सहा लिहिलंय. हे खरं आहे?"

आयुष्यभर मुलांना म्हणालो, उत्तर चुकलं तर चालेल, पायऱ्या प्रामाणिक लिहा. इथे माझी पहिली पायरीच खोटी होती. मी मान खाली घातली. "खोटं आहे. कुटुंब एकच. आमचं."

तेव्हा अंबुजा उठली. तिला इंग्रजी येत नाही, हिंदी येत नाही. ती आपल्या मराठीत बोलायला लागली, आणि मॅडमच्या कपाळावर आठ्या पडल्या, काही कळेना. मग सबिता हळूच मध्ये येऊन बसली. पंधरा दिवस माझ्या वर्गात मागे बसून आमची बोली तिने टिपून घेतली होती. (माझ्या वर्गात काहीतरी शिकलेली ती एकमेव विद्यार्थिनी, आणि तिला मी कच्ची म्हणालो होतो!) अंबुजा बोलायची, सबिता तिचं कोल्हापुरी करायची. साताऱ्याचं माणूस आणि तंजावूरचं माणूस, दोन्ही मराठी, आणि मध्ये दुभाषी ओडिशाची.

"अम्मी अवघे हेंच घरांत ऱ्हाणार," अंबुजा म्हणाली.

"काकू म्हणत्यात, आम्ही सगळे ह्याच घरात राहणार."

अंबुजाने मुरुगेशनकडे बोट केलं आणि बराच वेळ बोलली. सबिताने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "काकू म्हणत्यात, ह्यो माणूस आम्हाला बाहेरचं म्हणतोय. आम्ही मराठी आलो तवा बी गावातलं कोणीतरी असंच म्हणालं असंल, हे कोण, कुठनं आलं? तवा आम्ही काय, परत गेलो? नाही गेलो. आता ही पोरं आल्यात. ही बी नाही जाणार. आमी साडेतीनशे वर्षांपूर्वी आलो, ह्यांचं येणं दोन वर्षांपूर्वी झालं. उशीर झाला म्हणून कोणी घराबाहेर काढतं व्हय?"

अंबुजाने आणखी एक वाक्य टाकलं. सबिता अडखळली.

"काय म्हणाल्या?" मॅडमनी विचारलं.

"ते... मास्तरांबद्दल हाय. नको."

"सांग गं."

"म्हणत्यात, खोटं ह्या म्हाताऱ्याने लिहिलं. घराबाहेर काढायचं असंल तर त्याला काढा. बाकीच्यांना हात लावू नका."

सेल्वमला भाषांतराची गरज पडली नाही. तो अंबुजाच्या बाजूला जाऊन उभा राहिला. लिस्सी उभी राहिली. बिजय कामावर खाडा करून आला होता, तो फरशी कापायच्या हातांची घडी घालून उभा राहिला. मुरुगेशनचं चित्रण अजून चालूच होतं. लिस्सीने त्याच्या मोबाइलकडे सरळ बघून तमिळमध्ये सांगितलं, "नीट घ्या. सगळ्यांचे चेहरे येऊ देत. मालकांना दाखवा. कोणीही जाणार नाही."

आणि मी? मी जरा वेळ कोणत्या बाजूला उभं राहायचं ते बघत होतो, कारण बायकोने मला नुकतंच बाहेर काढलं होतं. मग सेल्वमनेच हात धरून ओढून घेतलं.

मॅडमनी माझा अर्ज घडी करून परत दिला. "हा फाडा. खरा लिहून द्या. सगळ्यांची नावं, खरी. सगळ्यांच्या सह्या."

त्याच ओट्यावर बसून दुसरा अर्ज लिहिला. मराठी कुटुंबाचा पोर्शन एक, बाकीच्यांचे चार, कपाटाचा एक. सह्या तमिळमध्ये झाल्या, मल्याळममध्ये झाल्या, ओडियात झाल्या. सबिताने देवनागरीत केली. अंबुजाला मराठी लिहिता येत नाही, तिने तमिळ अक्षरांत मराठी वाक्य लिहिलं: 'हलणार नाय.' मॅडम जाताना प्रत्येकाकडे एकेक पोळी खाऊन गेल्या. लिस्सीकडे पोळी नव्हती म्हणून केक खाल्ला.

महिन्याभराने अहवाल आला. लिस्सीने तो इंग्रजीतून वाचून दाखवला. 'या घरात एक कुटुंब अतिशय जुन्या वळणाची मराठी बोलते. अर्जदार श्री. भीमराव यांचे बोलणे प्रस्तुत तज्ज्ञास जवळजवळ काहीही समजले नाही. सबब या बोलीचा सविस्तर अभ्यास तातडीने होणे आवश्यक आहे. हे काम शेजारी श्रीमती सबिता यांच्या मदतीशिवाय अशक्य असून, अभ्यास पूर्ण होईपर्यंत घरात वा रहिवाशांत कोणताही बदल करू नये.'

म्हणजे माझं बोलणं कोणाला कळलं नाही, म्हणून घर वाचलं! शाळेतही मुलं हीच तक्रार करायची, तेव्हा मला बढती नाकारली होती.

कंपनीने दुसरीकडे घर बघितलं. मालकांनी रागारागात फोन करून विचारलं, "अभ्यास किती दिवस चालणार?" त्याचं उत्तर अंबुजाच्या हातात आहे. दर महिन्याला एक विद्यार्थिनी वही घेऊन येते, आणि अंबुजा तिला भरपूर कॉफी पाजते आणि शब्द मात्र एकच सांगते. "पुढचा पुढच्या महिन्यात," ती म्हणते. "आठवावा लागतो." सगळी बोली त्या मुलीच्या वहीत उतरायला, माझ्या हिशोबाने, चारशे वर्षं लागतील. (हे गणित मी तीनदा तपासलं आहे.)

सहाव्या पोर्शनमधलं कपाट आम्ही बाहेर काढलं. तिथे आता झारखंडचं एक कुटुंब आलंय, नवरा बिजयबरोबरच कामाला आहे. परवा मुरुगेशन गल्लीतून जाताना म्हणाला, "वाध्यार, आणखी बाहेरचे?" मी ओट्यावरून उठून, दोन्ही भाग एकाच श्वासात, अजिबात न खोकता सांगितलं, "हो! आम्ही सगळे बाहेरचे आणि सगळे भाडेकरू. बोल, काय करतोस?" त्याने काही केलं नाही. त्याला घाई होती.

आणि मी रोज संध्याकाळी चारला सबिताच्या शिवणयंत्रापाशी मराठी शिकायला बसतो. काजं करता करता ती शिकवते. मी मध्येच बोललो की म्हणते, "आधी ऐका." हे सगळं लिहून झाल्यावर तिच्याकडे तपासायला दिलं होतं. आज वही परत आली. पानापानावर लाल शाई, आणि शेवटी शेरा: 'प्रयत्न बरा. शुद्धलेखन कच्चे. विद्यार्थी फार बोलतो. काकूंनी येऊन भेटावे.'